टेपरेकॉर्डरची जागा

बाई,

तुमचा संगणक गेल्या हिवाळ्यापासून माझ्याकडे आहे. नंदुरबारला मी भाड्याने राहते त्या घराच्या स्वयंपाकघरात, ओट्याच्या शेवटच्या टोकाला तो मांडलेला आहे; कारण या घरात अर्थिंग असलेला एकच प्लग आहे आणि तो ओट्यावर आहे. तुमच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, तो मला दिला तेव्हा तुमच्याच एका जुन्या सुती साडीत बांधलेला होता. साडीच्या गाठी सोडल्या तर आत सगळे जसेच्या तसे निघाले: जाड पुस्तकाएवढा तो कळफलक, ज्याच्या पोटातच संगणक होता, बारा इंची काळापांढरा टीव्ही, एका झाकणाचा टेपरेकॉर्डर, आणि प्लास्टिकच्या डबीत ती कॅसेट, जिच्यावर तुमच्या अक्षरात ‘अक्षरे, अंतिम’ असे लिहिले आहे. शहाद्याच्या विज्ञान प्रदर्शनात ती अक्षरे पडद्यावर का आली नाहीत, हे आता मला समजले आहे. ते तुम्हाला सांगितले पाहिजे. तुम्हाला जाऊन तेरा वर्षे झाली आहेत, आणि सांगण्यासारखे मी आजवर फार थोडे सांगितले आहे.

प्रकाशा गावी तुमच्या घरीही तो स्वयंपाकघरातच असायचा. शाळा सुटली की माझ्या गावची, कळसाडीची गाडी येईपर्यंत मला दीड तास मोकळा मिळे, आणि तो मी तुमच्या ओट्याजवळच्या लाकडी स्टुलावर बसून काढत असे. एका शेगडीवर डाळ शिजते आहे, कुकरची शिट्टी होते आहे, आणि दुसऱ्या टोकाला टीव्हीच्या पडद्यावर करड्या रंगाचा एक चौकोन डोळे मिचकावतो आहे. शाळेत संगणकाची खोली होती, पण तिला कुलूप असे. हे यंत्र तुमचे स्वतःचे होते, नोकरी लागल्या लागल्या हौसेने घेतलेले. मी पाहिले तेव्हाच ते माझ्याहून वयाने मोठे होते. त्याला स्वतःची स्मरणशक्ती नव्हती. वीज गेली की सगळे विसरे. म्हणून त्याला शिकवलेले सारे कॅसेटवर आवाजाच्या रूपात उतरवून ठेवावे लागे आणि पुन्हा हवे असेल तेव्हा टेपरेकॉर्डर लावून ते त्याला ऐकवावे लागे. कॅसेट वाजताना येणारा तो किरकिरा, चिरका आवाज ऐकून काका आतून म्हणायचे, “उना वं तुमना बेंडबाजा!”

पहिल्या दिवशी तुम्ही मला काय दाखवलेत ते मी आता माझ्या विद्यार्थिनींना दाखवते. तुम्ही स्वयंपाकघरातला छोटा रेडिओ उचललात आणि कळफलकाजवळ नेलात. बातम्या सांगणारा माणूस बुडाला आणि त्याच्या जागी एक गुणगुण सुरू झाली. तुम्ही संगणकाला एक ते हजार अंक मोजायला लावलेत, तशी गुणगुण बदलली. “ऐकतेस का? हे त्याचं मोजणं आहे. प्रत्येक विजेचं यंत्र असं काहीतरी सभोवती सांडत असतं आणि शेजारचं यंत्र ते नको असताना उचलतं.” मग तुम्ही टीव्हीकडे बोट दाखवलेत. तो सगळ्यांत जास्त सांडतो, आणि टेपरेकॉर्डर सगळ्यांत जास्त उचलतो. म्हणून या दोघांत नेहमी हातभर अंतर. ओट्यावर तुम्ही खडूने दोन खुणा करून ठेवल्या होत्या. ओटा पुसला की त्या जात आणि तुम्ही पुन्हा काढत असा.

त्या यंत्राला इंग्रजी अक्षरेच येत होती. पण आठ आडव्या आणि आठ उभ्या ठिपक्यांत मावेल ते कोणतेही चित्र त्याला अक्षर म्हणून शिकवता येई. तुम्ही आलेखाची वही घेऊन देवनागरी त्या चौसष्ट घरांत बसवायला निघाला होता. ‘क’ला पोट द्यावे तर दांडीला जागा उरत नसे, ‘ज्ञ’ तर तुम्ही चार वेळा मांडला आणि चारही वेळा तो कोळ्यासारखा दिसला. प्रत्येक ओळीचा एक आकडा होतो, आठ ओळींचे आठ आकडे, हे गणित तुम्ही मला शिकवलेत आणि मग आकडे काढायचे काम माझ्याकडेच आले. आठवीच्या वर्गात माझा पहिला नंबर येई, त्याचे घरी कौतुक होई. पण आपण काढलेल्या आठ आकड्यांतून पडद्यावर ‘ळ’ उमटतो, तेव्हा वाटले ते कौतुकाहून वेगळे होते. तुमचे म्हणणे साधे होते. मराठी शाळेतल्या मुलाने कळ दाबावी आणि त्याला स्वतःचे नाव स्वतःच्या लिपीत, स्वतः घडवलेल्या अक्षरांत दिसावे. यंत्र म्हणजे दुसऱ्या कुणाचे काहीतरी, ही भीती तेवढ्याने जाईल असे तुम्ही म्हणायचात. माझ्या वाढदिवसाला तुम्ही मला आलेखाची एक कोरी वही दिलीत. तिच्या पहिल्या पानावर माझ्या नावाचे पहिले अक्षर ठिपक्यांनी भरलेले होते आणि शेजारी त्याचे आठ आकडे. ते अक्षर तुमच्या सगळ्या अक्षरांत सुबक आहे, असे मला अजूनही वाटते.

कॅसेटवर उतरवून घेण्याचे काम मात्र फार नाजूक होते. आळीत कुणी मिक्सर लावला की पडद्यावर पांढऱ्या रेघा धावत आणि कॅसेटवर खरखर उतरे. म्हणून तुमची पद्धत अशी होती की, रेकॉर्डिंगच्या आधी शेजारच्या चार घरी जाऊन दहा मिनिटे मिक्सर लावू नका, असे सांगून यायचे. हे सांगायला तुम्ही मला पाठवत असा. मी दारात जाऊन उभी राहायची आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. बहुतेक वेळा पलीकडच्या काकूच मला सोडवत. “काय वं, बाईनी धाडं का तुले? मिक्सर लावानं नही, हाईच ना? मंग बोल ना! तोंडमा गूळ धरी ऱ्हायनी का काय?” आणि आत वळून सुनेला, “ऱ्हाऊ दे वं, चटणी पाटावर वाट. बाईनं यंत्र निजेल शे.” मी मान हलवून परत येई. पण एकदा काकूंचे दार लोटलेले होते. मी कडी न वाजवता तशीच मागे फिरले आणि सांगून आले, असे तुम्हाला म्हणाले. तुमचे रेकॉर्डिंग अर्ध्यावर आले आणि पलीकडे मिक्सर सुरू झाला. तुम्ही बटण बंद केलेत, हात पदराला पुसलेत आणि माझ्याकडे पाहिलेत. “मिक्सर लागला यात त्यांचा काही दोष नाही. तू दारातून परत आलीस, हा दोष. उत्तरपत्रिकेत सगळं लिहितेस, मग चार शब्द तोंडाने सांगायला काय होतं तुला?” तुमचा आवाज चढलेला नव्हता. मी स्टुलावर बसून राहिले. डाळीला फोडणी पडली त्या वासात मला रडू आले आणि तुम्ही ते न पाहिल्यासारखे केलेत.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी आपण सगळी अक्षरे शेवटची म्हणून कॅसेटवर उतरवली. उतरवून झाल्यावर ती पुन्हा वाजवून यंत्राकडून तपासून घ्यायची, हा नियम होता. त्याला सहा मिनिटे लागत. तुम्हाला मुख्याध्यापकांचे बोलावणे आले, काका मागच्या अंगणात टीव्हीची सैल झालेली तार कथलाचा डाग देऊन जोडत होते, आणि माझी गाडी चुकण्याची वेळ झाली होती. मी तपासले नाही. चौकात तुम्ही भेटलात आणि विचारलेत, “तपासलंस ना?” मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी शहाद्याच्या त्या शाळेच्या सभागृहात आपल्याला खिडकीजवळचे एक टेबल मिळाले. तुम्ही मांडणी करून घेतलीत. टीव्ही मध्ये, कळफलक पुढे, आणि टेपरेकॉर्डर उजव्या कडेला, हातभर लांब. मग पाहुणे आले म्हणून तुम्ही फाटकाशी गेलात. उद्घाटन आपल्याच टेबलावर होणार होते, कारण संगणक आपल्याकडेच होता. तिथल्या शाळेचे शिपाईकाका सरस्वतीची तसबीर आणि नारळाचे ताट घेऊन आले आणि टेबलावर जागा शोधू लागले. “ए पोरी, हाई डबडं जरा तथा सरकाव. पाव्हना ई ऱ्हायनात. नारळनं ताट आठेच ठेवनं पडी.” डबडे म्हणजे टेपरेकॉर्डर. याला सरकवता येत नाही, एवढेच मला म्हणायचे होते. ताटासाठी खुर्ची आणता आली असती, खिडकीचा कठडा रिकामा होता. पण देवीचे ताट खाली किंवा बाजूला ठेवा, असे मोठ्या माणसाला, सगळ्यांच्या देखत, मी सांगायचे होते. मी टेपरेकॉर्डर उचलला आणि टीव्हीच्या उजव्या अंगाला टेकवून ठेवला. त्यांनी पुढे तसबीर उभी केली आणि हार घातला. टेपरेकॉर्डर तसबिरीच्या आड गेला. पूजा झाली की पुन्हा लांब करू, असे मी मनाशी म्हटले.

पूजा झाली, नारळ फुटला, आणि पाहुणे तिथेच थांबले. तुम्ही कळफलकाशी बसलात. मला खूण केलीत. मी तसबिरीमागे हात घालून बटण दाबले. पडद्याच्या कडांवर पट्टे धावले, सगळे पुढे झुकले, आणि मग पट्टे थांबून एक ओळ इंग्रजीत आली: वाचण्यात चूक. मी कॅसेट मागे घेतली. पुन्हा चूक. तिसऱ्या वेळी मुले कुजबुजू लागली. पाहुणे हसून म्हणाले, “बाई, आता याला निवृत्त करा. हल्ली मोबाइलवरसुद्धा मराठी येतं.” लोक हसले. तुम्हीही हसलात आणि म्हणालात, “यंत्राचा दोष नाही साहेब. माझंच काहीतरी राहून गेलं.” त्या क्षणी माझ्या मनात एकच गोष्ट होती: ती न तपासलेली कॅसेट. टेपरेकॉर्डर टीव्हीला टेकलेला आहे, याचा विचारसुद्धा मनात आला नाही. पाहुणे पुढच्या टेबलाकडे गेल्यावर सामान मीच आधी गुंडाळले, तुम्ही मागे वळून पाहण्याच्या आत.

परतीच्या गाडीत तुम्ही खिडकीशी बसला होतात, मांडीवर टीव्ही. चारा भरलेले ट्रॅक्टर पुढे असल्यामुळे गाडी रेंगाळत होती. “घरी गेल्यावर पुन्हा लावून पाहू,” एवढेच तुम्ही बोललात. ते पाहणे झाले नाही. आधी सहामाही परीक्षा आली, मग दिवाळीनंतर तुमचे पोटाचे दुखणे, सुरतेचे दवाखाने, आणि उन्हाळा लागण्यापूर्वी तुम्ही गेलात. मला घरून अंत्ययात्रेला पाठवले नाही. मी त्या दिवशी आलेखाच्या वहीत ‘ज्ञ’ काढत बसले होते. तो मला नीट जमला, आणि ते सांगायला कुणी नव्हते.

बाई, तेरा वर्षे मी असे धरून चालले की, कॅसेटच खराब उतरली होती आणि मी खोटे बोलले म्हणून तुमचा चारचौघांत उपहास झाला. मी भौतिकशास्त्र घेतले, एमएस्सी झाले, आता कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. वर्गात मला बोलता येते. फळ्याकडे तोंड असले की अधिकच येते. काकांकडून यंत्र मागून आणायला मात्र मला इतकी वर्षे लागली. ते आणले तेव्हा माझी अपेक्षा एवढीच होती की, कॅसेट वाजणार नाही, आणि माझा अपराध एकदाचा सिद्ध होईल.

टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा चिघळून गेला होता, तो नवा घातला. कॅसेटला टेकणारे डोके स्पिरिटच्या बोळ्याने पुसले. पहिल्या दिवशी काहीच वाचले गेले नाही. मग मी तुमचा रेडिओचा प्रयोग केला आणि घरभर फिरले. तुमच्या वेळी आळीत चार मिक्सर होते. आता एकेका खोलीत सांडणारी दहा यंत्रे आहेत. ओट्यावरचा एलईडी दिवा रेडिओला इतका गोंधळ करायला लावतो की बातम्यांचे एक अक्षर कळत नाही. मोबाइलचा चार्जर, इंटरनेटचा डबा, मालकांच्या विजेवरच्या स्कूटरचे चार्जिंग, यांचे प्रत्येकाचे सूर वेगळे. मी एकेक बंद करत गेले. टेपरेकॉर्डर विजेवरून काढून सेलवर लावला. तारा आखूड केल्या आणि विजेच्या तारेपासून वेगळ्या नेल्या. खाली जाऊन मालकीणबाईंच्या दाराची कडी वाजवली आणि सांगितले की, रविवारी सकाळी अर्धा तास स्कूटर चार्जिंगला लावू नका. त्या म्हणाल्या, “येवढं सांगाले येवढी घाबरी ऱ्हायनी का? मले वाटनं घरच सोडी ऱ्हायनी.”

त्या रविवारी कॅसेट पहिल्याच खेपेला वाचली गेली, पूर्ण. एकही चूक नाही. पडद्यावर अ पासून ज्ञ पर्यंत तुमची अक्षरे ओळीने उभी राहिली, कोळ्यासारख्या ज्ञसकट. माझा पहिला विचार असा होता की, मी सुटले. मी तपासले नव्हते तरी कॅसेट चांगली होती. दुसरा विचार यायला थोडा वेळ लागला. मग मी हात पुढे केला आणि टेपरेकॉर्डर टीव्हीच्या उजव्या अंगाला टेकवला, त्या दिवशी टेकवला होता तसा. टीव्हीच्या आत त्या बाजूलाच पडदा उजळणारा मोठ्या दाबाचा ट्रान्सफॉर्मर असतो. पट्टे धावले, थांबले, आणि तीच ओळ आली. हातभर लांब नेला, अक्षरे आली. जवळ आणला, चूक. एकदा घडले तर योगायोग म्हणायचे, असे तुम्ही शिकवले होते, म्हणून मी तीनदा करून पाहिले. तीनदा तसेच झाले.

मागच्या आठवड्यात मी प्रकाशाला काकांकडे गेले. ते थकले आहेत, पण चहा स्वतःच करतात. अक्षरे उमटली, असे सांगितल्यावर त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, “मंग त्या दिन मन्हामुळेच गयं ना वं पोरी? आदला दिन ती तार मीच जोडेल व्हती. जनमभर विजेना खांबवर चढनू, आनि घरनी तार मले नीट जोडता उनी नही. तिले कधी इचारं नही मी. हिंमतच व्हये ना.” बाई, मला हे ठाऊक नव्हते. मी माझे ओझे वाहत होते, तेव्हा ते त्यांचे वाहत होते. मी घाईने म्हणाले, “नही काका, तुमना डाग आजभी पक्का शे. मी तपासं. टेप टीव्हीले चिकटेल व्हता, त्यानामुळे व्हयनं.” त्यांनी मान वर केली. “चिकटेल? कोनी ठेवा तठे?”

मी तोंड उघडले होते, हे मी शपथेवर सांगते. पण ते माझ्यासाठी थांबले नाहीत. त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला आणि ते हसू लागले. “तीच ठेवेल व्हई! दुसरासले हातभर अंतर शिकाडे, आनि सोता घाईमा इसरी जाये. दूधभी असंच उतू जाये तिनं.” हसता हसता त्यांनी डोळे पुसले. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्यांच्या हातातली बेडी सोडवावी तसे ते दिसत होते. पलीकडच्या काकू कपबशी परत द्यायला आल्या, तर त्यांनाही त्यांनी सांगितले, “दख वं, मन्हा डाग चांगला व्हता. बाईनीच टेप जवळ ठेयेल व्हता.” काकू म्हणाल्या, “मी तं म्हनूच, ती धांदरट व्हती.” आणि दोघे हसले, प्रेमानेच हसले. तुम्हाला धांदरट म्हणताना मी ऐकत होते. माझ्या हातात कप होता. मी म्हणाले, “चहा चांगला शे काका.”

आता काकांनी ठरवले आहे की, तुमच्या तिथीला शाळेतल्या मुलांना बोलावून ही अक्षरे दाखवायची, आणि त्या दिवशी काय चुकले होते ते मी समजावून सांगायचे. ते म्हणतात, बाईची चूक बाईच्याच विद्यार्थिनीने शोधून काढली, याहून मोठी दक्षिणा कोणती? मी होकार दिला आहे. तिथी जवळ आली आहे.

हे पत्र मी काकांना लिहायला बसले होते. त्यांचा पत्ता मला पाठ आहे, पाकीटही समोर आहे. ‘काका’ एवढे लिहिले, बराच वेळ बसले, मग तो कागद बाजूला ठेवला आणि दुसऱ्यावर ‘बाई’ असे लिहिले. त्यानंतर लेखणी कुठे अडली नाही. कारण तुम्ही हे वाचणार नाही, हे मला माहीत होते.